मॅजिक मिररचं मॉड्यूल बनवायचंय? आधी लॅपटॉपवर हा सेटअप करा

आमच्या रामबागेतल्या घरी दारापाशी स्मार्ट आरसा लावलाय. मागे जुना मॉनिटर, त्याच्या पाठीला चिकटवलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणते), आणि पुढे एका बाजूने आरसा नि दुसऱ्या बाजूने पारदर्शक अशी काच. पायचा अडॅप्टर आणि केबल जेल रोडवर मिळून गेली. सॉफ्टवेअर म्हणजे मॅजिक मिरर, मायकेल टीव या डच माणसाने २०१४ मधे सुरू केलेला ओपन सोर्स प्रोजेक्ट, आतून नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि इलेक्ट्रॉन (वेबपेज अ‍ॅपसारखं दाखवणारं). घड्याळ, कॅलेंडर, हवामान हे आयतं मिळतं पण आम्हा इंदूरकरांचा रोजचा प्रश्न वेगळा, आज नळ आहे का? नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं आणि आई दर सकाळी विचारते. म्हणून तेवढंच सांगणारं मॉड्यूल, म्हणजे आरशावरचा एक छोटा भाग, लिहिलं, त्याच्यावरूनच हा सेटअप सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनावर घ्या, भिंतीवरच्या पायवर कोड लिहू नका. मी सुरुवातीला एसएसएच करून (लॅपटॉपवरून पायमधे शिरून) थेट तिथेच एडिट करायचे, एक कंस राहिला की आरसा काळा, आणि घरात सगळे ऑफिसला निघायच्या घाईत. मॅजिक मिररचं सर्व्हर मोडमधे चालणं हे यासाठीच आहे, लॅपटॉपवर ब्राउझरमधे पूर्ण आरसा दिसतो, काच लागत नाही, पाय लागत नाही. ज्यांच्याकडे आरसाच नाही ते पण मॉड्यूल बनवू शकतात.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, टाकून घ्या (पॉवरशेलमधे डब्ल्यूएसएल डॅश डॅश इन्स्टॉल) आणि पुढचं सगळं उबुंटूच्या आत करा. फोल्डर लिनक्सच्या होममधेच ठेवायचं, सी ड्राइव्हवर ठेवलं तर एनपीएम (नोडची पॅकेजं उतरवणारं) इतकं हळू चालतं की कंटाळा येईल. व्हीएस कोडला डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन आणि ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं) टाका. नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) घ्या, एपीटीचं (उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरचं) बरेचदा जुनं निघतं. आताच्या मॅजिक मिररला नोड २२ किंवा त्यापुढचं लागतं, नेमकं कुठलं ते मॅजिक मिररच्या पॅकेज डॉट जेसनमधे इंजिन्सखाली लिहिलेलं असतं, एकदा उघडून बघा. आणि हो, वाचायला सोपं म्हणून कमांड, फाइलची नावं मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना इंग्रजीतच.

मग मॅजिक मिरर गिट क्लोन करा (गिट म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं, क्लोन म्हणजे त्याची प्रत उतरवणं), फोल्डरमधे जाऊन एनपीएम रन इन्स्टॉल-एमएम, कॉन्फिग फोल्डरमधली सॅम्पल फाइल कॉपी करून कॉन्फिग डॉट जेएस नाव द्या, आणि एनपीएम रन सर्व्हर. ब्राउझरमधे लोकलहोस्ट ८०८० उघडलं की काळ्या पडद्यावर घड्याळ दिसेल. दिसलं नाही तर एनपीएम रन कॉन्फिग:चेक चालवा, ९० टक्के वेळा स्वल्पविराम सुटलेला असतो. क्रोमच्या डेव्हटूल्समधे डिव्हाइस मोड लावून १०८० बाय १९२० असा उभा स्क्रीन करून ठेवा, आरसा उभा असतो आणि लॅपटॉप आडवा, हे नाही केलं तर लॅपटॉपवर छान बसलेली ओळ आरशावर गेली की दोन ओळींत तुटते. रंगाचं पण लक्षात ठेवा, काळं म्हणजे काचेवर निव्वळ आरसा, म्हणून बॅकग्राउंड काळंच ठेवायचं आणि अक्षरं पांढरी. मिररचे स्वतःचे ब्राइट, डिम्ड, स्मॉल, लार्ज असे क्लास आहेत, तेच वापरा.

आता मॉड्यूल. मॉड्यूल्स फोल्डरमधे एमएमएम-नळ असं फोल्डर, आत त्याच नावाची जेएस फाइल, आणि फाइलमधे मॉड्यूल डॉट रजिस्टर त्याच नावाने. तिन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी, कॅपिटल-स्मॉल सकट, कारण मॅकवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी चालून जातं आणि पायवर लिनक्स आहे तो ऐकत नाही, मग लॅपटॉपवर चालतंय आरशावर नाही असं होऊन डोकं फिरतं. या फोल्डरमधेच गिट इनिट करा. मुख्य प्रोजेक्टचं गिट आपण टाकलेली मॉड्यूल्स इग्नोर करतं त्यामुळे दोन्हींची भानगड होत नाही, मिरर अपडेट करायला पण मोकळे.

फाइलमधे डिफॉल्ट्स, स्टार्ट आणि गेटडॉम एवढं असलं की बास. गेटडॉम एक डिव्ह बनवून परत देतं, स्टार्टमधे सेटइंटरव्हल लावून दर दहा मिनिटांनी अपडेटडॉम बोलवायचं. कॉन्फिगमधे पोझिशन टॉप अंडरस्कोर राइट देऊन, सर्व्हर परत चालू करून पेज रिफ्रेश केलं की तुमचं मॉड्यूल समोर.

खरी मेहनत तारखेत आहे आणि इथे घाई करू नका प्लीज. पहिल्यांदा डोक्यात येतं की सम तारखेला नळ, विषम तारखेला नाही. पण ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, आणि असा महिना संपला की सगळं उलटं. म्हणून नळ आला होता असा एक मागचा दिवस कॉन्फिगमधे द्यायचा आणि तिथून किती दिवस झाले ते मोजायचं, दोनने भाग गेला तर आज नळ. आता ती तारीख वर्ष-महिना-दिवस अशी डॅश घालून थेट न्यू डेटला दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरतं, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच! पहाटे पाचला उठून आई आरशात बघणार तेव्हा कालचंच उत्तर दिसणार. त्याऐवजी दोन्ही तारखांचे वर्ष, महिना, दिवस वेगळे काढा (महिना ० पासून मोजतात हे विसरू नका), डेट डॉट यूटीसीमधे घाला, वजाबाकी करा आणि ८६४००००० ने भागा, पूर्ण दिवस मिळतात.

हे गणित गेटडॉममधे कोंबू नका. वेगळ्या फाइलमधे छोटं फंक्शन ठेवा, आज आणि सुरुवात अशा दोन तारखा घेणारं. मॉड्यूलला ती फाइल गेटस्क्रिप्ट्समधून द्या आणि शेवटी मॉड्यूल डॉट एक्सपोर्ट्स लिहा, पण आधी मॉड्यूल नावाचं काही आहे आणि त्यात एक्सपोर्ट्स आहे का ते तपासून, कारण हे स्मॉल एमचं मॉड्यूल नोडमधे असतं, ब्राउझरमधे नसतं, तिथे असतं ते कॅपिटल एमचं, मिररचं स्वतःचं ऑब्जेक्ट. मग नोड डॅश डॅश टेस्टने आरसा न उघडता तपासता येतं. माझ्या टेस्टमधे ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी, लीप वर्षाची २९ फेब्रुवारी, आणि ३१ डिसेंबरची रात्र हे तीन दिवस आहेतच.

पाइपलाइन फुटली की नळाची पाळी सरकते, मग सुरुवातीची तारीख बदलायला दरवेळी लॅपटॉप कोण उघडणार. यासाठी नोड अंडरस्कोर हेल्पर डॉट जेएस. मॉड्यूलची मुख्य फाइल ब्राउझरमधे चालते, ती डिस्कवर लिहू शकत नाही, हेल्पर सर्व्हरवर चालतो, तो लिहू शकतो. हेल्परच्या स्टार्टमधे एक्सप्रेसअ‍ॅपवर (मिररच्या वेब सर्व्हरवर) एक वेब पत्ता बनवलाय, आई फोनवर तो उघडते आणि नळाची पाळी एक दिवस पुढे सरकते. हेल्परचे दोन स्वभाव माहीत असू द्या. पहिला मेसेज मॉड्यूलकडूनच जावा लागतो, मॉड्यूलने सेंडसॉकेटनोटिफिकेशन केल्याशिवाय हेल्परचं काहीच मॉड्यूलपर्यंत पोचत नाही, यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसरं, हेल्परला कॉन्फिग आपोआप मिळत नाही, त्याच पहिल्या मेसेजमधे पाठवा. आणि हेल्पर बदलला की रिफ्रेशने भागत नाही, कंट्रोल-सी करून सर्व्हर परत चालू करायचा.

फोनवरून उघडायचं तर कॉन्फिगमधे अ‍ॅड्रेस ०.०.०.० आणि आयपी व्हाइटलिस्टमधे (कोणाला उघडू द्यायचं त्या यादीत) लोकलहोस्टसोबत घरच्या वायफायची रेंज, आमच्याकडे १९२.१६८.१.०/२४. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरच्या इंटरनेटला आत वाट देणं) मात्र अजिबात करू नका, तो पत्ता उघडायला पासवर्ड नाहीये.

सगळं चाललं की पुश करा (कोड गिटच्या ऑनलाइन जागी पाठवा), पायवर मॉड्यूलच्या फोल्डरमधे गिट पुल आणि पीएम२ (मिरर चालू ठेवणारं) रीस्टार्ट, तिथे एवढंच काम. पायचा टाइमझोन एशिया कोलकाता आहे ना बघा, सेट न करता पायचं मेमरी कार्ड बनवलं असेल तर लंडनचा असतो आणि मग वरची सगळी मेहनत वाया. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर पायवर देवनागरी फॉन्टच नाहीये, लॅपटॉपवर तो आधीपासून असतो म्हणून तिथे कळत नाही. सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा करा, पाय रीस्टार्ट करा, चौकोन जाऊन "आज नळ आहे" असं नीट दिसायला लागतं.