मल्लखांब आणि आग: शनिवारच्या शूटची तयारी

शनिवारी मल्लखांबवाल्या पोराचं पोर्ट्रेट आहे, मागे ज्वाळा हव्यात, आणि जो तो विचारतोय काय काय आणू, म्हणून एकदाच लिहितो.

आधी हे डोक्यात घ्या की आग आणि पोरगा एकत्र येणार नाहीत. खांबाला एरंडेल चोळलेलं, पोराच्या अंगावर नुसता लंगोट, ठिणगीचा काय भरवसा! अंधार पडला की आधी पोराचे फोटो, तो घरी गेला की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आगीचे, आणि दोन्ही नंतर कॉम्प्युटरवर एकत्र जोडायचे. दोन्ही वेळी कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, लेन्स तीच, म्हणून ट्रायपॉडच्या पायांना चिकटपट्टीची खूण करा, मागच्या वेळी हेच राहिलं आणि ज्वाळा तिरक्या बसल्या.

पोरासाठी दोन फ्लॅश, दोन्हीवर नारिंगी जेल (फ्लॅशवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), एक मागून आणि एक खालून, कारण आगीचा उजेड खालून येतो, वरून मारला तर फोटो लग्नाच्या स्टेजसारखा दिसतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर नको, ५५०० केल्विनवर फिक्स, नाहीतर कॅमेरा नारिंगी रंग धुऊन टाकेल.

ठिणग्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून ०००० नंबरची स्टील वूल (लोखंडाच्या अगदी बारीक तारांचा पुंजका), भांड्यांची घासणी आणू नका, ती पेटत नाही. अंडी फेटायच्या जाळीत भरायची, जाळीला साखळी, पेटवली की साखळी धरून गोल फिरवायची. पेटवायला ९ व्होल्टची बॅटरी, पण बॅटरी आणि वूल एका बॅगेत अजिबात नको, नुसती टेकली तरी पेटते. शटर ५ सेकंद, एफ ८, आयएसओ १००, लेन्सवर जुना यूव्ही फिल्टर, म्हणजे ठिणगी उडाली तर लेन्स वाचेल. ज्वाळांसाठी मशाल, तिथे मात्र शटर १/१००० च्या आसपास, नाहीतर ज्वाळेचा नुसता पिवळा गोळा होतो. मशाल मोठी बांधा, छोटी ज्योत ताणून मोठी केली की लगेच कळतं. पेट्रोल कोणी आणलं तर त्याला गेटवरूनच परत पाठवीन.

फिरवणाऱ्याने फुल बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, गॉगल, नायलॉनची जर्सी नको, वितळून अंगाला चिकटते. दोन बादल्या पाणी, एक वाळू, ओलं गोणपाट, फायर एक्स्टिंग्विशर, आणि एक माणूस फक्त आगीकडे बघायला, त्याने मोबाईल खिशात ठेवायचा. भाजलं तर २० मिनिटं नळाखाली, टूथपेस्ट नको.

सरांची परवानगी मी घेतलीय. वारा असेल तर आगीचा भाग रद्द, पोराचे फोटो तरीही काढू. संपल्यावर अर्धा तास गवतात फिरून निखारे बघायचेत, चहा त्यानंतर.