सॉफ्टबॉल-बेसबॉलचं बॅटिंग रेकॉर्ड शीटमध्ये कसं काढायचं

खानापूर असू दे, निपाणी असू दे, आपल्याकडं क्रिकेट डोक्यात एवढं बसलंय की बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हटलं की रन भागिले आउट हेच सुचतं. बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये तसं नाही, तिथं हिट भागिले अ‍ॅट बॅट, रनचा त्यात संबंधच नाही. बॉल मारून पळत बेस, म्हणजे मैदानावरचा ठरलेला टप्पा, गाठला की तो हिट.

पण अ‍ॅट बॅट म्हणजे बॅटिंगला आलेली प्रत्येक वेळ नव्हे, खरी गडबड इथंच होते बघा. वॉक मिळाला (चार खराब बॉल पडून फुकटचा बेस), बॉल अंगाला लागून बेस मिळाला, सॅक्रिफाइस बंट (आपण आउट होऊन रनरला पुढं सरकवणारा हलका टोला) किंवा सॅक्रिफाइस फ्लाय (कॅच जाऊनही रनर घरी येतो असा उंच टोला) झाला तर अ‍ॅट बॅट धरायचा नाही. फिल्डरच्या चुकीमुळं पोरगी बेसवर पोचली तर मात्र अ‍ॅट बॅट धरायचा आणि हिट द्यायचा नाही. हे स्कोअरबुकातच नीट नसेल तर पुढं फॉर्म्युला कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

आता शीट, म्हणजे एक्सेलसारखी स्प्रेडशीट. ए कॉलमला जर्सी नंबर, बी अ‍ॅट बॅट, सी हिट, डी डबल (दोन बेसचा हिट), ई ट्रिपल (तीन बेसचा), एफ होमरन (चारी बेसचा), जी वॉक, एच बॉल लागून मिळालेला बेस, आय सॅक्रिफाइस फ्लाय. नाव न घेता जर्सी नंबर का, तर एका टीमात तीन तीन पाटील असतात आणि त्यात एकानं नाव मराठीत लिहिलेलं, दुसऱ्यानं कन्नडात, तिसऱ्यानं इंग्रजीत, शीटला ती वेगवेगळी माणसं वाटतात. इथं फॉर्म्युले मराठी अक्षरांत दिलेत, टाकताना कीबोर्ड इंग्रजी करा.

अ‍ॅव्हरेज: =इफएरर(सी२/बी२,"")
टोटल बेस, जे कॉलममध्ये: =सी२+डी२+२*ई२+३*एफ२
स्लगिंग (दर अ‍ॅट बॅटला किती बेस): =इफएरर(जे२/बी२,"")
ऑन बेस (किती वेळा बेसवर पोचली त्याचं प्रमाण): =इफएरर((सी२+जी२+एच२)/(बी२+जी२+एच२+आय२),"")

इफएरर एवढ्यासाठी की जिला अजून अ‍ॅट बॅटच नाही तिच्यापुढं शून्यानं भागल्याचा एरर दिसू नये. टोटल बेसमध्ये डबलला एकदाच का मिळवलं असं वाटेल, तर हिटच्या आकड्यात डबल-ट्रिपल-होमरन सगळं आधीच एकेकदा मोजलेलं असतं, म्हणून फक्त वरचे बेस मिळवायचे. ऑन बेस आणि स्लगिंगची बेरीज म्हणजे ओपीएस, त्यालाही इफएरर लावा.

एक उदाहरण घ्या. अ‍ॅट बॅट २०, हिट ७, त्यात डबल २, ट्रिपल १, होमरन १, शिवाय वॉक ४, बॉल लागला १, सॅक्रिफाइस फ्लाय १. अ‍ॅव्हरेज .३५०, टोटल बेस १४, स्लगिंग .७००, ऑन बेस १२ भागिले २६ म्हणजे .४६२, ओपीएस १.१६२. माझं मत विचाराल तर शाळेच्या टीममध्ये आधी ऑन बेस बघा, वॉक काढणाऱ्या पोरीची किंमत नुसत्या अ‍ॅव्हरेजमध्ये दिसतच नाही आणि मग तिला उगाच खालच्या नंबरला ढकलतात.

टीमचं अ‍ॅव्हरेज काढताना सगळ्यांच्या अ‍ॅव्हरेजचं अ‍ॅव्हरेज कधीच काढू नका. एकीनं १ पैकी १ हिट मारला, दुसरीनं २० पैकी ५, तर १.००० आणि .२५० चं मधलं .६२५ येतं, खरं उत्तर ६ भागिले २१ म्हणजे .२८६. आधी समनं बेरजा करा, मग भागा. सामन्यागणिक वेगळी शीट ठेवली असेल तर जर्सी नंबरवरून समइफनं बेरीज खेचा, तिथंही हाच नियम.

राउंड फॉर्म्युला लावू नका, फक्त फॉरमॅटमध्ये तीन दशांश ठेवा, आतला आकडा पूर्ण राहू दे. अमेरिकेतला नावाजलेला बेसबॉल बॅटर टेड विल्यम्स, त्याचं १९४१ चं घ्या, शेवटच्या दिवसाआधी तो ४४८ पैकी १७९ वर होता, म्हणजे .३९९५५, तीन दशांशात .४०० दिसतं. तरी .४०० राखायला बसून न राहता तो त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, ८ पैकी ६ हिट मारले आणि .४०६ वर संपवलं.

त्याच सीझननं तुमची शीट तपासा: अ‍ॅट बॅट ४५६, हिट १८५, डबल ३३, ट्रिपल ३, होमरन ३७, वॉक १४७, बॉल लागला ३. तेव्हा सॅक्रिफाइस फ्लाय अ‍ॅट बॅटमध्येच धरायचे म्हणून आय कॉलमला शून्य. टोटल बेस ३३५, स्लगिंग .७३५, ऑन बेस .५५३ आलं पाहिजे. नाही आलं तर आधी कंस बघा, बहुतेक ऑन बेसच्या खालच्या बेरजेचा कंस सुटलेला असतो.