लिम्फोमा उलटल्यावर ट्रायलला जाताना

लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. उपचारांनंतर तो परत आला आणि नव्या औषधाच्या चाचणीत, म्हणजे ट्रायलमध्ये, जायचं असेल तर आधी ब्लॉक शोधा. बायोप्सीचा तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो, तो काडेपेटीहून लहान ठोकळा, जाळीदार प्लास्टिकवर पेन्सिलीने नंबर घातलेला. आईच्या वेळी आम्ही नुसते रिपोर्ट घेऊन मुंबईला पोचलो. ठोकळा सोलापुरातल्या लॅबमध्येच होता. तो आणायला भाऊ सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत आला आणि चार दिवस गेले. त्याच तुकड्याच्या काचेवरच्या स्लाइड्सही मागून घ्या.

मग जुन्या केमोचा हिशेब. आर-चॉप म्हणजे लिम्फोमाला नेहमी देतात तो पाच औषधांचा संच. ‘आर-चॉपचे सहा डोस झाले’ एवढ्यावर भागत नाही. त्यातलं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, एकूण किती मिलिग्रॅम गेलं ते डिस्चार्ज कार्डांवरून काढून लिहा. त्याचा हृदयावरचा ताण साठत जातो, म्हणून त्याला आयुष्यभराची मर्यादा असते; इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्टही लागतो. शेवटच्या डोसची तारीख लिहा. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली असेल तर तीही ठेवा, कारण आर-चॉपमधल्याच रिटुक्सिमॅबने दबलेला विषाणू उठू शकतो.

काढे, भस्मं, शेजारच्यांनी आणून दिलेल्या गोळ्या, सगळं सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून आईने एक काढा लपवला होता. ट्रायलमध्ये दोन औषधं एकमेकांसोबत कशी वागतात हे बघायचं असताना तिसरं गुपचूप पोटात असेल, तर त्रास कशाचा हे कुणालाच कळणार नाही.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून सगळ्यांसमोर वाचा. कितवा टप्पा आहे विचारा: पहिल्यात मुख्यतः किती डोस झेपतो ते पाहतात, तिसऱ्यात नेहमीच्या उपचाराशी तुलना करतात. यातलं नवं औषध कोणतं? तुलनेच्या दुसऱ्या गटात नाव आलं तर काय मिळणार? सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिच्यातला नोंदणी क्रमांक लिहून घ्या. ट्रायलमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार उपचार मोफत असतात, आणि मधेच बाहेर पडायचा हक्क कायम राहतो.

रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही घ्या. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं.

थर्मामीटर नवा घ्या. पांढऱ्या पेशी कमी असताना 100.4 ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, ऊन लागलं असेल म्हणायचं नाही. सोलापुरात रात्री कुठे न्यायचं ते आधीच ठरवा. ट्रायलच्या कोऑर्डिनेटरचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे तो देव्हाऱ्याशेजारी, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेला आहे.