जुन्या लुगड्यांची गोधडी: थर सरकू न देता कशी शिवावी

गोधडीविषयी जो सल्ला मिळतो, तो बहुतेक ठिगळांच्या रंगसंगतीविषयी असतो. गोधडी जिथे खरोखर बिघडते त्या टप्प्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. ती बिघडते थर जमवताना. वरचे कापड कितीही देखणे असले, तरी आतले थर एकमेकांवरून सरकू लागले की दोन-तीन धुण्यांतच त्यांचे गोळे होतात आणि मग ती पांघरण्याच्या नव्हे, फरशी पुसण्याच्याच लायकीची उरते. मी आजवर वीसेक गोधड्या शिवल्या आहेत आणि त्यांतली पहिली तीन वेळा उसवली आहे. म्हणून या लेखात बाकीचे टप्पे थोडक्यात उरकून थरांवरच अधिक लिहीत आहे.

एका माणसाच्या गोधडीसाठी एक नऊवारी लुगडे आणि एक साधी सुती साडी पुरते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, म्हणजे २ मीटरचे चार तुकडे; साडेपाच मीटरच्या साडीतून आणखी दोन निघतात आणि उरलेले दीड मीटर कडेच्या गोटाला, म्हणजे कडेभोवती शिवायच्या पट्टीला, उपयोगी पडते. असे सहा थर आपल्याकडच्या थंडीला पुरेसे होतात. आठ-दहा थर घालण्याचा मोह टाळावा, कारण सुई सहज पार जात नाही आणि हात दुखू लागला की टाके लांब पडू लागतात.

कापड सुतीच हवे, याबाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. ‘टिकाऊ असते म्हणून आत एखादी नायलॉनची साडी घालावी’ हा सल्ला देणाऱ्याने ती गोधडी स्वतः वापरलेली नसावी. असे कापड घाम शोषत नाही आणि सुती थरांच्या मध्ये साबण लावल्यासारखे घसरते. इरकली लुगड्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते: त्याचे अंग सुती असले, तरी पदर बहुधा रेशमी असतो आणि दोन्ही धुण्यात सारखे वागत नाहीत, म्हणून पदर आधी कापून बाजूला ठेवावा. काठही काढावेत, कारण ते जाड असतात आणि त्यांत जरीचा धागा असेल तर सुई अडते. लुगड्याचा बसण्याचा भाग विरलेला असतो. तो कापून टाकून दोन्ही चांगले तुकडे दांड घालून, म्हणजे कडेला कड शिवून, जोडावेत. जरासे विरलेले कापड आतल्या थराला चालते, वर आणि खाली मात्र घट्ट विणीचेच हवे. कांजी पूर्ण निघालेली असावी, नाहीतर कसर लागते.

आता थर. ते पलंगावर मुळीच पसरू नयेत. गादी दबते, प्रत्येक थर निराळा बाक घेतो आणि ते उचलल्यावरच कळते. गोधडी पूर्ण मावून चारी बाजूंनी हात-हातभर जागा उरेल अशी मोकळी फरशी लागते. सर्वांत खालचा थर उलटी बाजू वर करून घालावा आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. माझी पहिली गोधडी नेमकी येथे फसली. कापड ताणून चिकटपट्टीने फरशीला डकवावे, असे मला कोणीतरी सांगितले होते आणि मी ते मोठ्या निष्ठेने केले. खालचा थर ढोलासारखा ताणलेला, वरचे पाच सैल. टाके घालून झाल्यावर पट्ट्या काढताच खालचे कापड मूळ मापावर आले आणि वरच्या पाचांना सुरकुत्या पडल्या. जुने सुती कापड, विशेषतः तिरके ओढल्यावर, बरेच वाढते आणि हात सोडताच परत जाते. त्यामुळे थर सपाट हवा, ताणलेला नको, आणि सहाही थरांचा ताण सारखा, म्हणजे जवळपास शून्य हवा.

प्रत्येक नवा थर घातल्यावर कोरड्या तळव्याने मध्यापासून कडेकडे हात फिरवावा, कडेपासून मध्याकडे कधीही नाही. दांडाच्या शिवणी एकावर एक येऊ देऊ नयेत, नाहीतर तेथे उंचवटा राहतो. सहावा थर घालून झाला की कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवणारे आणि शेवटी काढून टाकायचे टाके, घालायचे. ते वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाच्या दोऱ्याने घालावेत. पहिली ओळ मध्यापासून चारही कडांच्या मध्यापर्यंत, दुसरी मध्यापासून चारही कोपऱ्यांपर्यंत, आणि त्यानंतर वीत-वीतभर अंतरावर आडव्या-उभ्या ओळी, त्याही मध्यापासून बाहेर. टाका तीन बोटांचा असला तरी चालतो. मात्र गोधडी उचलून खाली हात घालू नये, कारण हात घातला की थर सरकलेच. सुई फरशीपर्यंत न्यावी. तिचे टोक फरशीला घासल्याचा बारीक आवाज आला, म्हणजे सहाही थर टाक्यात आले. सेफ्टी पिना लावून हे काम वाचवण्याची युक्ती सांगितली जाते. पिन एका बिंदूला धरते, ओळीला नव्हे, आणि विरलेल्या कापडाला भोके पाडते ती वेगळीच.

कच्चे टाके पूर्ण झाल्यावर गोधडी उलटी करून तळव्याने चाचपावी. कुठे घडी लागली, तर ती दाबून किंवा इस्त्री फिरवून जात नाही. त्या घडीपासून सर्वांत जवळच्या कडेपर्यंतचे टाके कापून घडी कडेबाहेर सारावी आणि पुन्हा टाके घालावेत. हा एक तास वाचवला, तर पुढे आठवडा जातो.

पक्का धावदोरा घालण्याची जुनी रीत कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी असते आणि ती सुंदर दिसते. पण नवख्याने ती घेऊ नये. अशा शिवणीत जरासे सैल कापड प्रत्येक फेरीला मध्याकडे ढकलले जाते आणि शेवटी गोधडीला पोट सुटते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, कडेपासूनच आत शिवत नेतात, हे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. परंतु तेथे वरची ठिगळे शिवता शिवता एकेक करून लावली जातात, त्यामुळे सैलपणा पुढच्या ठिगळात जिरतो. आपण अखंड कापड घातलेले असते. पहिल्या गोधडीला मध्यावरून दोन्ही बाजूंना सरळ उभ्या ओळी घालाव्यात, ओळींत सुमारे ३ सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि टाके तांदळाच्या दाण्याहून फार मोठे पडू देऊ नयेत.

दोरा जाड सुती घ्यावा, त्यावर मेण फिरवावे, लांबी हातभर ठेवावी आणि गाठ ओढून थरांच्या आत दडवावी. बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू न देणारी टोपी, घालावे. या मापाच्या गोधडीत साधारण अडतीस ओळी येतात, म्हणजे सुमारे ७५ मीटर शिवण. मला एका ओळीला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून रोज तासभर बसले तर तीन-चार आठवडे जातात. मशीनवर हे एका दुपारी होते, असे सांगणाऱ्यांनी नंतर वरची बाजू पाहावी. साध्या मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचा थर मागे रोखतो, त्यामुळे प्रत्येक ओळीशेवटी वरच्या कापडाची चुणी उरते.

धावदोरा पूर्ण झाला की कच्चे टाके जागोजागी कापून तुकड्या-तुकड्यांनी ओढून काढावेत. एका टोकाने सबंध दोरा ओढल्यास जुने कापड फाटते. चारी कडा एका रेषेत कापून उरलेल्या साडीचा गोट शिवावा.

पहिले धुणे हाताने आणि गार पाण्यात करावे. ओली गोधडी विलक्षण जड होते. तिला एका दोरीवर कडेने टांगले, तर सगळे वजन वरच्या टाक्यांवर येते आणि ते तुटतात. ती शेजारी-शेजारी बांधलेल्या दोन दोऱ्यांवर आडवी टाकावी, नाहीतर गच्चीवर चादर अंथरून तिच्यावर पसरावी आणि दुपारी एकदा उलटावी.