आधी हवेची गळती, मग सोलर: मशीनशॉपचा कार्बन कमी करताना

भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज इथल्या लहान कारखान्यांकडे हल्ली मोठ्या ग्राहक कंपन्या एक फॉर्म पाठवतात: वर्षाला वीज किती, डिझेल किती, कार्बन किती. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर अहवाल (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल) बंधनकारक केला आणि त्या कंपन्यांचे प्रश्न पुरवठादारांपर्यंत आले. युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांना तर १ जानेवारी २०२६ पासून सीबीएएमची (आयात मालाच्या कार्बनवर युरोपने लावलेल्या शुल्काची) पुढची पायरी लागू झाली आहे. फॉर्म हातात पडला की बहुतेक मालक पहिला फोन सोलरवाल्याला करतात. सोलर चांगलेच, पण ज्या शॉपमध्ये हवेवर चालणारी फिक्श्चर (जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पकडणारी साधने), ब्लो गन आणि हवेच्या दाबाने सरकणारे सिलिंडर आहेत, तिथे आधी ही हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बघा. हवा गळली की ती दाबायला लागलेली वीजही वाया जाते. वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल बसवण्यात अर्थ नाही.

आकडा बिलांतून काढा

मागच्या १२ महिन्यांची बिले घ्या. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरा; केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी सुधारते, म्हणून तुम्ही कोणत्या वर्षाचा घेतला ते शेजारी लिहा. डिझेलच्या लिटरला २.६८ किलो, पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, एलपीजीच्या किलोला ३ किलो, म्हणजे १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरला साधारण ५७ किलो.

समजा महिन्याला १८,००० युनिट, जनसेटला २०० लिटर डिझेल आणि १० सिलिंडर लागतात. वीज १२,९६० किलो, डिझेल ५३६, गॅस ५७०. नव्वद टक्क्यांहून जास्त कार्बन विजेचाच निघाला, तेव्हा कामही तिथेच करायचे.

इथे एक चूक नेहमी होते. एचटी (उच्चदाब) बिलावर केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली युनिट) आणि केव्हीएएच (पॉवर फॅक्टर खराब असेल तर त्याहून जास्त येणारा आकडा) असे दोन आकडे असतात. बिलाची आकारणी केव्हीएएचवर होत असली तरी कार्बनसाठी केडब्ल्यूएच घ्या. म्हणूनच पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल नीट केले की बिल उतरते, पण कार्बन फारसा उतरत नाही. केबलमधला थोडा तोटा तेवढा वाचतो. पॉवर फॅक्टर सुधारला म्हणून फॉर्ममध्ये कार्बन कपात दाखवू नका.

गळती मोजा: एक सुट्टीचा दिवस, एक स्टॉपवॉच

सगळी मशीन बंद ठेवा, पण हवेचे व्हॉल्व्ह उघडेच असू द्या. कॉम्प्रेसर चालू करून लाईन नेहमीच्या प्रेशरला आणा. आता हवा कोणीच वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर मधूनमधून लोड होईल, म्हणजे पुन्हा हवा भरू लागेल; बाकी वेळ तो अनलोड, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत राहील. लोडवर किती सेकंद राहिला आणि अनलोडवर किती, ते पाच-सहा वेळा लिहून सरासरी काढा. लोडची वेळ भागिले लोड आणि अनलोडची एकूण वेळ, गुणिले १००: ही गळतीची टक्केवारी.

३० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर ७ बारला साधारण १२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. लोड ४० सेकंद आणि अनलोड १२० सेकंद आले तर गळती २५ टक्के, म्हणजे सुमारे ३१ सीएफएम. दहा टक्क्यांच्या आत असेल तर लाईन चांगली राखलेली आहे. दुर्लक्षित शॉपमध्ये २० ते ३० टक्के सहज सापडते.

या गळतीची वीज मोजताना मात्र सांभाळा. अनलोड झालेला स्क्रू कॉम्प्रेसरही पूर्ण लोडच्या २५ ते ३० टक्के वीज खातच असतो. त्यामुळे २२ किलोवॅटच्या (म्हणजेच ३० एचपीच्या) या मशीनवर सगळी गळती थांबली तरी बचत सुमारे ४ किलोवॅटची. दोन पाळ्यांत वर्षाला ४,८०० तास धरले तर १९,००० युनिट, म्हणजे साडेतेरा टनांच्या आसपास. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देते. तेवढ्याच युनिटसाठी १३-१४ किलोवॅटचे पॅनेल आणि छतावर जवळपास १,४०० चौरस फूट जागा लागली असती.

गळती कुठे असते

मशीन बंद असताना शांततेत लाईनवरून चालत जा. मोठ्या गळत्या कानाला कळतात. लहानांसाठी साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो. सरळ मुख्य पाईपवर वेळ घालवू नका, बहुतेक गळत्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये असतात: क्विक कपलर, पीयू पाईपची (लवचिक प्लास्टिक नळीची) पुश फिटिंग, एफआरएलचा (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) बाऊल, होजची क्लिप, झिजलेल्या सीलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघड-बंद होणारा). सापडेल तिथे नंबरचा टॅग बांधा आणि वहीत जागा लिहा. टॅग नसेल तर सोमवारी कोणालाच काही आठवत नाही.

पीयू पाईप हॅक्सॉच्या पात्याने तिरका कापला की नवी फिटिंगही गळते. काटकोनात कापणारा पाईप कटर वापरा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा आणि पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे सोलेनॉइडमध्ये जाऊन अडकतात. कपलर पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यापेक्षा बदला.

हवा साठवणाऱ्या रिसीव्हर टँकच्या ड्रेनकडे वेगळे बघा. पाणी साठू नये म्हणून ऑपरेटर ड्रेन किंचित उघडा ठेवतो आणि तो चोवीस तास फुसफुसत राहतो. ३ मिमीच्या छिद्रातून ७ बारला जाणाऱ्या हवेमागे साधारण ३ किलोवॅट वीज जाते. पाण्याची पातळी ओळखून उघडणारा झिरो-लॉस ड्रेन बसवा. टायमर ड्रेनच असेल तर त्याची वेळ ऋतूप्रमाणे बदला. पावसाळ्यातली सेटिंग मार्चमध्ये तशीच राहिली की पाण्याऐवजी हवाच बाहेर जाते.

मग प्रेशर उतरवा

गळती बंद केल्याशिवाय हे करू नका, कारण टोकाच्या मशीनला हवा पुरणार नाही आणि कोणीतरी प्रेशर पुन्हा चढवून ठेवेल. १ बार उतरवले की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के कमी होते. ७.५ बारवरून सुरुवात करून रोज ०.२ बारने खाली या आणि प्रत्येक टप्प्यावर एक पूर्ण पाळी जाऊ द्या. एखाद्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) लो एअर प्रेशरचा अलार्म आला तर तिथे थांबा आणि त्या मशीनचा फिल्टर व पाईपचा व्यास तपासा. पुष्कळदा एकाच चोंदलेल्या फिल्टरसाठी सगळे शॉप चढ्या प्रेशरवर चालत असते. हवेवर जॉब पकडणारी फिक्श्चर असतील तर उत्पादकाने दिलेल्या किमान प्रेशरच्या खाली अजिबात जाऊ नका. जॉब सुटला तर माणूस जखमी होतो.

कॉम्प्रेसरची खोलीही बघा. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की वीज सुमारे १ टक्का वाढते. मे महिन्यात बंद खोलीत मशीनचीच गरम हवा परत आत ओढली जाते, म्हणून गरम हवेला डक्टने बाहेर काढा आणि सावलीकडून इनटेक द्या. प्रत्येक सेक्शनला बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि जेवणाच्या सुट्टीत व रात्री बंद करा.

बाकीचे, थोडक्यात

एसीचा गॅस लोक हिशेबात धरतच नाहीत. आर-४१०ए चा १ किलो हवेत गेला तर तो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडएवढा ठरतो, म्हणजे जवळपास २,९०० युनिट वीज. दरवर्षी गॅस भरून घेण्याऐवजी गळती शोधून ब्रेझिंग (पाईपचा पक्का डाग) करून घ्या आणि भरलेल्या गॅसची पावती जपा.

दिवसभर चालणारी मोटर जळली तर रिवाइंडिंगआधी नव्या आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातल्या) मोटरची किंमत विचारा. जुने वाइंडिंग जाळून काढताना कोअर खराब झाला तर मोटर पुढे कायम जास्त वीज खाते. जनसेट फार कमी लोडवर चालवू नका. दर युनिटमागे डिझेल वाढते.

सोलरचा आकार ठरवायचा तो या सगळ्यानंतर उरलेल्या युनिटवर. आधी ठरवला तर गरजेपेक्षा मोठी सोलर सिस्टिम गळ्यात पडते.

नोंद कशी ठेवावी

दर महिन्याला एकूण कार्बनसोबत एक टन तयार मालामागे किती किलो, हेही लिहा. ऑर्डर कमी झाली की एकूण आकडा आपोआप उतरतो आणि ती बचत वाटते. टनामागचा आकडा पाहिला की फरक कळतो. गळतीची चाचणी दर तीन महिन्यांनी करा, कारण नवी होज, नवे फिक्श्चर आले की गळतीही परत येते. चाचणीचा कागद, टॅगची यादी आणि कॉम्प्रेसरच्या स्वतंत्र एनर्जी मीटरचे रीडिंग एका फाइलमध्ये ठेवा. ग्राहकाचा ऑडिटर आला की तो आकड्यापाठोपाठ हाच पुरावा मागतो.