दोरा, पृथ्वीगोल आणि तिकिटावरचे सहा तास

गेल्या जुलैत लेकीकडे न्यू जर्सीला निघाले होते. तिकीट बघून वहिनी म्हणाली, "वन्सं, मुंबईहून रात्री दीडला सुटतं आणि नेवार्कला त्याच सकाळी साडेसातला पोचतं? सहा तास तर आपल्या साताऱ्याच्या एसटीला मुंबई गाठायला लागतात!"

मग तिला पृथ्वीगोलापाशी बसवलं. भूगोलाची बाई होते, तेव्हा ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घरात आहेच.

अंतर काढताना भिंतीवरचा नकाशा विसरा. त्यावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी आडवी जाते आणि तिथंच फसायला होतं, कारण ती सर्वांत जवळची वाट नसते. गोलावर मुंबईपाशी शिवणाचा दोरा बोटानं दाबा आणि न्यूयॉर्कपर्यंत (नेवार्क त्याला लागूनच) घट्ट ताणा. लोकर नको, ती लांबते. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो: गुजरात, पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलंड, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली. वहिनीला पटेना, तिनं दोनदा स्वतः ताणून पाहिला. आता दोरा पट्टीवर मोजा. आमचा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. गोलाचा परीघ ९४ सेंटिमीटर, पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे ४२५. गुणाकार केला की साडेबारा हजार किलोमीटर येतात.

विमानाचा वेग ताशी ९०० धरा. चौदा तास झाले. चढणं-उतरणं आणि धावपट्टीवरची रांग यांचा अर्धा तास वर. शिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीमचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अमेरिकेला जाताना ते तोंडावर येतात, तासभर तरी खातात. परतताना पाठीशी असतात. आणि दोऱ्याची वाट विमानाला मिळेलच असं नाही. २०२२ मध्ये रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आकाश बंद केलं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना. वळसा पडला की हिशेब वाढला.

आता तिकीट. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क-नेवार्क आपल्या साडेनऊ तास मागे. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. दीड ते पाच, साडेपंधरा तास! येतानाचं विमान रात्री साडेआठला सुटून दुसऱ्या रात्री साडेआठला मुंबईत. कागदावर चोवीस तास दिसतात, त्यातून साडेनऊ वजा केले की साडेचौदा उरतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मात्र साडेनऊऐवजी साडेदहा धरा, तिकडची घड्याळं तासभर मागे गेलेली असतात. मधे दुबई-लंडनला थांबा असेल तर तोही यात धरला जातो, तो वेगळा काढा.

मला हे सगळं गोळ्यांच्या वेळांसाठी लागतं. वहिनीनं मात्र साडेपंधरा ऐकलं आणि डब्यातल्या दशम्या चाराच्या आठ केल्या.