भूतानची बातमी आली की ती वाचायची कशी

"भूतान चीनच्या गोटात गेलं" असा मेसेज ग्रुपवर आला की लगेच पुढे ढकलू नका, आधी मोबाईलवर नकाशा उघडा. सिक्कीम आणि भूतानच्या मधे तिबेटची एक पाचर खाली घुसलेली दिसेल, ते चुंबी खोरं, तिच्या टोकाला डोकलाम, म्हणजे भूतान आणि चीन दोघंही आपलं म्हणतात ते पठार, आणि तिथून अजून खाली आलं की आपला सिलिगुडीचा पट्टा, काही ठिकाणी जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंद. ईशान्य भारताची रेल्वे आणि हायवे तिथूनच जातात, त्यामुळे दिल्लीला एवढी काळजी का ते लगेच कळतं.

मग भारत-भूतानमधले दोन करार शोधा, १९४९ चा आणि २००७ चा, दोन्हीतलं दुसरं कलम तेवढं वाचलं तरी पुरे. १९४९ मध्ये लिहिलंय की परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. २००७ मध्ये ते काढून टाकलं, आता राष्ट्रहिताच्या बाबतीत दोघांनी जवळून सहकार्य करायचं आणि आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू द्यायची नाही, एवढंच आहे. म्हणजे टीव्हीवर कोणी "आपल्याला विचारल्याशिवाय कसं काय?" म्हणत असेल तर तो अजून जुनाच करार धरून बसलाय. आणि जमिनीचं म्हणाल तर डिसेंबर २००३ मध्येच भूतानच्या सैन्याने स्वतः लढून आपल्या हद्दीतले उल्फा, बोडो वगैरे आसामकडच्या अतिरेक्यांचे तळ उठवले होते, हे आपल्याकडे किती जणांना आठवतं?

त्यानंतर बघा थिंफू, म्हणजे भूतानचं सरकार, नेमकं काय बोललं, आणि कधी. २०१७ मध्ये १६ जूनला चीनने डोकलाममध्ये रस्ता करायला घेतला, आपले सैनिक आडवे गेले, दोन महिन्यांहून जास्त ताणलं, पण भूतानचं पत्रक आलं २९ जूनला, त्यात हा चीनशी झालेल्या १९८८ आणि १९९८ च्या करारांचा भंग आहे असं स्पष्ट म्हटलं आणि मग फार बोलले नाहीत. मला तरी यात भित्रेपणा दिसत नाही. चीनशी त्यांची सीमा ठरलेली नाही, राजनैतिक संबंधही नाहीत, तरी १९८४ पासून थेट बोलणी चालू आहेत, ज्याच्याशी वाद त्याच्याशीच बोलणार ना, त्यात गद्दारी कसली?

पैशाची बाजू तर अजिबात सोडू नका. चुखाचा ३३६ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आपण ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन बांधला, त्यांनी आपल्याला वीज विकली, दोघांचं भलं झालं. पण २०१३ मध्ये तिथली निवडणूक तोंडावर असताना आपण गॅस आणि रॉकेलवरची सवलत थांबवली, नंतर परत सुरू केली ते खरं, पण तोवर तिकडच्या घराघरात त्याची झळ पोचली होती. फार वाईट झालं ते, ज्याचं सिलेंडर महागलं तो असलं सहजी विसरत नाही.

एवढं झालं की कुएन्सेल उघडा, भूतानचा पेपर, इंग्रजीतही निघतो. त्याच दिवशीचा अंक बघा, आपल्याकडे ज्याची ब्रेकिंग न्यूज चाललीय त्याला तिथे किती जागा दिलीय आणि कुठल्या शब्दांत, ते वाचा आणि मगच ग्रुपवर काय ते लिहा.